पितळी तोंडाचा सिनेमा

शनि. १३ जाने. १९७९. सिंदी मेघे.

शाळा सुटली तसा थेट मंडळाच्या हॉलवर. आमचं सिनेमा मंडळ म्हणजे वर्ध्यातले पंचवीसेक हौशी लोक. आज त्यातले निम्मे, बाकीचे थंडी चुकवायला आत शिरलेले. चित्रपट परदेशी, विज्ञानकथेचा. भाषा कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं होती म्हणून निभावलं.

काय सिनेमा आहे! घरी येऊन तासभर झाला, अजून जेवणावर मन नाही.

जमिनीखालचं एक शहर. कधीकाळी वर आग लागली म्हणून माणसं खाली उतरली, तेव्हापासून वरचं दार बंद. दारापाशी भिंतीत एक भलंमोठं पितळी तोंड. ते बोलतं. ते बोललं की हवा सुटते. वरच्या मजल्यांना भरपूर, तळाशी उरेल ती. लांब झगेवाले सेवेकरी त्याची दोन वेळा आरती करतात (आरती नव्हे, पण दुसरं काय म्हणू). तळात एक कपडे धुणारी बाई, तिच्या पोरीला दमा. तोंड म्हणतं, तुझी श्रद्धा कमी पडते. ती उपास वाढवते. पोरीचा दमही वाढतो. शेवटी बाई धीर करून तोंडाच्या मागे जाते. मागे एक खुर्ची, एक नळी आणि एक म्हातारा सेवेकरी.

इथे मी दिग्दर्शक असतो तर त्या म्हाताऱ्याला लबाड केलं असतं, सोन्याचा दात लावला असता. यानं नाही केलं. म्हातारा रडतो. म्हणतो, ‘मी पहिल्यांदा इथे आलो तो या तोंडामागच्यालाच शोधत आलो. खुर्ची रिकामी होती. खाली लोक वाट पाहत होते. मी बसलो आणि बोललो.’ बस्, एवढंच. मग बाई दार उघडते. आग नाही, गवत आहे. तिच्या कपाळावरची एक बट हलते. दीड तासात पहिल्यांदा काहीतरी आपोआप हललं. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो.

मशीन चालवणारे गुलाबराव मात्र पक्के. सिनेमा असा, आणि रीळ चढवण्याआधी प्रोजेक्टरला हळद-कुंकू, उदबत्ती. मी हसलो. म्हणाले, “हसा मास्तर. मंधातच पट्टी तुटली तं तुमचं विज्ञान येईन का जोडाले?”

पुढच्या गावचा खेळ रद्द झाला, म्हणून रिळं २९ तारखेपर्यंत आमच्याकडेच. डबे आणून घरी तांदळाच्या कोठीवर ठेवले.

रवि. १४ जाने.

संक्रांत. तिळगूळ वाटत फिरलो, डोक्यात सिनेमा. ज्याला-त्याला गोष्ट सांगतोय. लोक ‘वा वा’ म्हणून पुढच्या घरी सटकतात.

दोन वर्षांपूर्वीचा तो दुसरा आठवला. त्यात माणसासारखं एक यंत्र प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं राहतं, आत घ्या म्हणतं. घेत नाहीत. गंजेपर्यंत उभं. हॉलमध्ये सगळे हळहळले होते. आपल्याकडे हे दाखवायला यंत्र लागणार नाही, असं मी तेव्हा चर्चेत बोललो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या.

मला हे सिनेमे का आवडतात? त्यात कोणाचाच देव नसतो, म्हणून सगळ्यांच्या देवांबद्दल बोलता येतं. कुणाला अंगावर घ्यावं लागत नाही. हेच रात्री कुसुमला ऐकवत होतो. ती लाडू वळता वळता म्हणाली, “इथं पंचवीस मान्साइसमोर मोठे बोलता. एकडाव हिंगणीले दाखवा ना, बाबाइसमोर.”

बायको म्हणजे आरसा, असं कोणी म्हटलंय की नाही माहीत नाही. नसेल तर मी म्हणतो.

मंगळ. १६ जाने.

बोलाफुलाला गाठ. दुपारी शाळेत बाबा हजर. गावाहून, हिंगणीहून बसनं आले. धोतराला पऱ्हाटीचा कापूस चिकटलेला, म्हणजे शेतातून तसेच निघाले. बाबा मारोतीच्या देवळाचे पंच. बावीस वर्षं झाली, गावात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. तिथे सप्ताह चालू आहे. कीर्तनकार बुवांचा घसा बसला. शुक्रवारपर्यंत आवाज फुटत नाही. उद्या गाव जमणार आणि समोर कोणी नाही.

“तुह्यापाशी मशीन हाये म्हनते. काई सिनेमा-गिनेमा हाये का?”

मी म्हटलं, आहे.

“देवाच्या इरोधात काई नसन ना? मी पंचाइले शब्द देऊन राह्यलो, वसंता.”

आता इथे खरं बोलायला काय झालं होतं? ‘आहे बाबा, विरोधात आहे, पण पाहण्यासारखा आहे,’ एवढंच वाक्य. नववीच्या पोरांना मी रोज सांगतो, निरीक्षण जसं असेल तसं लिहा.

म्हणालो, “नाई बाबा. विज्ञानाचा हाये. आकाश-पाताळ.”

“पाताळ असन तं चालते,” म्हणाले. खुशीत गेले.

इंग्रजी अक्षरं गावात कोण वाचणार? गोष्ट मीच माइकवर सांगणार, जसजसा सिनेमा चालेल तसतशी. आज जागून टिपणं काढतोय.

गुरु. १८ जाने. सकाळी, बसमधून उतरल्यावर

झालं. कसं लिहू?

काल दिवेलागणीला देवळासमोर पडदा बांधला, दोन बांबूंच्या मधे धोतरजोडी शिवून. गाव लोटलं. पुढे पंच, सतरंजीवर बाबा. बायका डाव्या हाताला. पलीकडच्या वस्तीतले लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसले, ते नेहमी तिथेच बसतात. गुलाबरावांनी मशीनची पूजा केली, तर गावातल्या चार बायकांनीही येऊन मशीनला कुंकू लावलं. मी माइक हातात घेतला.

पहिली तीन रिळं झकास. मी रंगात आलो होतो. तळातल्या बाईच्या पोरीला दम लागला तसे पदर डोळ्यांना. “अवो, तिले वाफारा द्या ना,” कोणीतरी पडद्याला सांगितलं. इतकं लक्ष देऊन वर्ध्याच्या हॉलात कोणी पाहिलं नव्हतं.

मग ती खोली आली. रिकामी खुर्ची, म्हातारा, नळी. खाली अक्षरं सरकायला लागली आणि मी बाबांकडे पाहिलं. बाबा पुढे झुकून बसले होते, हात गुडघ्यांवर, माझ्या तोंडून आता काय येतं ते ऐकायला.

मी म्हणालो, ‘म्हातारा म्हणतो, बाई, देव या खुर्चीवर बसला होता. लोकांची पापं पाहून रुसला आणि वर निघून गेला.’

आपल्याच तोंडून हे बाहेर पडलेलं ऐकलं. थांबलो नाही. एकदा घसरलेला माणूस पायऱ्या मोजत नाही. दार उघडलं तेव्हा म्हणालो, ‘बाईची भक्ती पाहून देव प्रसन्न झाला.’ आणि काय सांगावं, मागून आरोळी उठली, ‘बोला बजरंगबली की जय!’ अख्खं गाव उभं. बायकांनी पडद्यावरच्या गवताला हात जोडले. ती परदेशातली धोबीण आमच्या गावात संत झाली.

बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. “असा सिनेमा मी जन्मात पाह्यला नाई.” माझं लग्न झालं तेव्हाही ठेवला नव्हता. पंचांनी ठरवलं, शनिवारी, काल्याच्या आदल्या दिवशी, हाच सिनेमा पुन्हा. आसपासच्या गावांनाही निरोप.

हसावं की रडावं.

शुक्र. १९ जाने.

आमच्या गल्लीत नवं घर उठतंय, तिथे दसरू मेश्राम गवंडी कामावर आहेत. आमच्याच गावचे, वयानं बाबांच्या बरोबरीचे. बुधवारी पडद्यामागे होते. मला पाहून थापी खाली ठेवली.

“मास्तर, सिनेमा लय भारी होता. पन तुमी भलतंच काऊन सांगून राह्यलते?”

“भलतं काय?”

“खुर्ची तं रिकामी होती. थो म्हातारा नळीत तोंड घालून बोले. त्यात देव कुठं रुसला? आमच्या लेकराइले बी समजलं.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, पडद्यामागून उलटं दिसतं ना.

“डावं-उजवं होते. रिकामी खुर्ची रिकामीच दिसते.”

मग तिथेच का नाही बोललात, असं विचारलं. “आमी कायले बोलतो बापा, देवळासमोर,” असं म्हणून विटेवर चुना लावायला लागले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

शाळेत दिवसभर लक्ष नाही. नववी ‘ब’मध्ये हवेचा दाब शिकवायचा होता, पोरांना वाचत बसवलं.

घरी कुसुमला सांगितलं. ती वर्ध्याचा खेळही पाहून आली होती आणि हिंगणीचाही. दोन दिवस मूग गिळून होती. आता म्हणाली, “लोक वाट पाहून राह्यलते, म्हनून तुमी बोलले. तुमीच बसले की त्या खुर्चीवर.”

इतकी वर्षं नाकानं कांदे सोलले, आणि पहिल्या परीक्षेत कॉपी.

शनि. २० जाने. दु. १

आज पुन्हा खेळ. तिथे जाऊन बाबांना आधी सांगावं का? सांगितलं तर खेळच होणार नाही. न सांगता खरं बोललो तर भरगावात त्यांचा शब्द मोडतो. खोटंच पुन्हा सांगितलं तर

दोनची बस.

सोम. २२ जाने.

काल लिहायची ताकद नव्हती.

शनिवारी गर्दी दुप्पट. खोलीचं रीळ लागलं. बाबांकडे पाहायचं नाही असं ठरवून पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो. आधी म्हणालो, ‘मंडळी, बुधवारी मी इथे चुकीचं सांगितलं होतं. भ्यालो म्हणून. आता जे लिहिलंय ते सांगतो.’ मग वाक्य जसंच्या तसं. खुर्ची रिकामी होती. खाली लोक वाट पाहत होते. मी बसलो आणि बोललो.

मग पंचांतले नामदेवराव उठले. “बंद करा थे मशीन!” दोन-तीन माणसं वायरीकडे धावली. गुलाबराव मशीनला मिठी मारून उभे.

बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, “पुरा होऊ द्या.”

पुरा झाला. दार उघडलं, गवत हललं. जयजयकार नाही. बायका उठता उठता एकमेकींशी कुजबुजत होत्या, काहींचे डोळे पुसणं चालूच होतं. एक म्हातारी मला म्हणाली, “पोरगी वाचली ना पन?” वाचली म्हटलं. “मंग झालं,” म्हणाली. पण तिचा मुलगा माझ्याकडे न पाहता तिला ओढत घेऊन गेला.

घरी बाबा हातपाय धूत होते. पाठमोरे.

“खोटं पयल्या दिवशी बोलला का आज?”

“पयल्या दिवशी.”

“आन् शाळेत आलतो तवा? मले बी?”

“हाव.”

तांब्या पालथा घातला आणि आत गेले. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

रविवारी काला. माझी पाळी आली तेव्हा बाबांनीच माझ्या हातावर काला ठेवला, तोंडाकडे न पाहता. मी खाल्ला. श्रद्धा नाही, पण दही आंबट होतं हे खरं.

मंगळ. २३ जाने.

गावाहून निरोप. पंचांचं म्हणणं: मास्तरानं मारोतीसमोर नारळ फोडून सांगावं की शनिवारचं सांगणं खोटं होतं. नाहीतर बाबांनी पंचाची जागा सोडावी. बैठक येत्या सोमवारी.

म्हणजे खोट्याबद्दल नाही, खऱ्याबद्दल माफी. बुधवारच्या थापेबद्दल कोणाची काही तक्रार नाही.

बाबांना चिठ्ठी पाठवली. ‘तुम्ही म्हणाल तर नारळ फोडतो.’ लिहिताना पेन अडकत नव्हतं, याचंच वाईट वाटलं. देवळाच्या ओट्याचा दगड बाबांनी स्वतःच्या बैलबंडीनं वाहिला आहे. ती जागा गेली तर बाबा संध्याकाळी कुठे बसतील, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

शुक्र. २६ जाने.

झेंडावंदन. पोरांची कवायत, गोळ्या वाटप. बाबांचं उत्तर नाही.

संध्याकाळी मंडळातले दोघेजण आले, हिंगणीची हकिगत कानावर गेलेली. माझं अभिनंदन केलं. ‘धाडस केलंत.’ चहा दिला. तिथे पोचलं ते माझं धाडस नव्हे, तो सिनेमा. मी फक्त एकदा मधे आलो आणि एकदा बाजूला झालो. पण असा सिनेमा करणाऱ्या माणसाला मी एकदा भेटलो असतो तर पायांवर डोकं ठेवलं असतं. (हे लिहून हसू आलं.)

उद्या डबे बांधायचे. सोमवारी रवाना.

रवि. २८ जाने.

सकाळी दहाला बाबा दारात. कोऱ्या टोपीत. कुसुमनं पाणी दिलं. बसले, सगळं घर पाहिलं, कोठीवरच्या डब्यांकडे पाहिलं.

“थो सिनेमा इथंच हाये का अजून?”

“हाये.”

“मले दाखव.”

मी गुलाबरावांना बोलावून आणलं. मधल्या खोलीच्या खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली, दाराच्या फटीत कुसुमनं लुगडं कोंबलं. पांढरी भिंत होतीच. मी सवयीनं बाबांच्या शेजारी बसलो, सांगायला.

“तू बोलू नको,” बाबा म्हणाले. “एक बी शब्द.”

“पण भाषा...”

“एकडाव तू सांगतलं तसं पाह्यलं. दुसऱ्यांदा बी तू सांगतलं तसंच पाह्यलं. आता मी पाहतो.”

दीड तास. त्या अगम्य भाषेत सिनेमा चालला होता. खोलीत आम्ही तिघं आणि मशीनपाशी गुलाबराव. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलो नसेन. सिनेमा मीही जणू पहिल्यांदाच पाहिला. बाई कपडे पिळते तेव्हा पाण्याचा आवाज कसा येतो, हे माझ्या बडबडीत कधी ऐकूच आलं नव्हतं. बाबांचा चेहरा उजेडात दिसायचा, मग अंधारात जायचा. खोलीचा प्रसंग आला. म्हातारा बोलला, रडला, संपलं.

बाबांनी हात वर केला. “हे पुन्हा लावा.”

गुलाबराव कुरकुरले, पट्टी उलटी फिरवायची म्हणजे काम. पण लावलं. म्हातारा पुन्हा रडला. दाराच्या वेळी, ज्या प्रसंगावर माझा जीव जडलाय त्या वेळी, बाबा भिंतीकडे पाहत होते पण बघत नव्हते, असं वाटलं. चूकही असेल. मला काय कळतं.

ब्लँकेटं काढली. उजेडानं सगळ्यांचे डोळे मिचमिचे. कुसुमनं पोहे केले, बाबांनी दोनदा घेतले. उद्या बैठक. शेवटी मीच काढलं, माझी चिठ्ठी मिळाली का.

“मिळाली.”

“मग येऊ का उद्या? नारळ...”

“नको येऊ.”

“तुम्ही काय सांगणार पंचांना?”

टोपी नीट केली. चपला घातल्या. मी बसस्टँडपर्यंत सोबत गेलो. पिशवी माझ्या हातात देतील म्हणून हात पुढे केला होता, दिली नाही. हिंगणीची बस लागलेलीच होती. बाबा खिडकीशी बसले. मला राहवलं नाही. खिडकीच्या गजाला धरून विचारलं, “बाबा, सिनेमातलं काय समजलं तुमाले? तेवढं तरी सांगा.”

या आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. राग नव्हता. पण माया होती असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

“समजलं,” म्हणाले. “तुले नाई सांगत. तू मंग तेच लोकाइले सांगशीन.”

कंडक्टरनं घंटी मारली.